कवितेतून वगळलेली माणसं

डॉरोथी वर्ड्सवर्थच्या रोजनिशीत ३ ऑक्टोबर १८०० च्या नोंदीत एक म्हातारा आहे. ती आणि तिचा भाऊ, इंग्रज कवी विल्यम, एका मित्राला थोडं पोचवून ग्रासमिअर या आपल्या गावी परतत असताना तो रस्त्यात भेटला होता. कमरेत पार वाकलेला. अंगात बंडी, तिच्यावर कोट, त्या कोटावर खांद्यांवरून नुसताच टाकलेला दुसरा कोट आणि त्याच्या आड गाठोडं. पुढे एप्रन बांधलेला, डोक्यावर रात्री झोपताना घालतात ती टोपी. डोळे काळे, नाक लांब. आईबाप स्कॉटलंडचे, जन्म फौजेत. बायको गेली. दहा मुलं झाली, त्यातलं एक सोडून सगळी गेली. उरलेला मुलगा खलाशी, त्याची कित्येक वर्षांत खबर नाही. गाडी हाकताना अपघात झाला, गाडी अंगावरून गेली, पाय मोडला, कवटी फुटली.

धंदा जळवा धरायचा. डॉक्टर लोक रक्त काढायला जळवा लावायचे, त्यामुळे मागणी भरपूर. पण जळवा आता मिळत नाहीत, म्हातारा सांगतो. एक तर यंदा पाऊस कमी, दुसरं म्हणजे सगळेच त्यांच्या मागे लागलेत, आणि जळवांची वाढ सावकाश होते. पूर्वी अडीच शिलिंगला शंभर मिळायच्या, आता शंभराला तीस शिलिंग पडतात. म्हणजे भाव बारापट, आणि तरी धरणाऱ्याच्या हाताला काही नाही. मग भीक मागत मागत कार्लाइलला जायचं, तिथून धार्मिक पुस्तकं घ्यायची आणि विकायची, एवढंच उरलं होतं.

दीडेक वर्षानं, १८०२ मध्ये, विल्यमनं या म्हाताऱ्यावर कविता लिहायला घेतली. १८०७ च्या संग्रहात ती 'रेझोल्यूशन अँड इंडिपेंडन्स' या नावानं छापली गेली. रात्रभर पाऊस पडून गेलेला, सकाळचं ऊन, ओल्या माळावर एक ससा धावतोय आणि त्याच्या पायांनी उडालेल्या तुषारांचं धुकं त्याच्यासोबत पळतंय. कवी एकटाच चालतो आहे. आधी खुशीत, मग एकाएकी उदास. कवींचं पुढे काय होतं, तरुणपणचा आनंद संपल्यावर वेडच वाट्याला येतं का, अशा विचारात. आणि एका डबक्याच्या काठी त्याला म्हातारा दिसतो. ढगासारखा निश्चल. काठीनं पाणी ढवळून जळवा शोधणारा.

डॉरोथी नाही. रस्ता नाही, माळ आहे. भीक नाही. दहा मुलं नाहीत. झोपायची टोपी तर नाहीच नाही. जळवा कमी झाल्यात, पण आहेत, आणि म्हातारा आपला धंदा नेटानं करतो आहे.

या कवितेच्या पहिल्या खर्ड्यात म्हाताऱ्याच्या तोंडी त्याची हकीकत बरीच जास्त होती. तो खर्डा सारा हचिन्सनला, विल्यमच्या होणाऱ्या मेहुणीला, वाचायला पाठवला. तिला ते बोलणं कंटाळवाणं वाटलं आणि तिनं तसं कळवलं. विल्यमला राग आला. बायको आणि दहा मुलं गमावून डोंगरांतून एकटा फिरणारा, स्वतःचं धैर्य आणि अन्यायी समाजानं लादलेली गरज सोबत वागवणारा हा माणूस. याहून प्रभावी काय असणार, असं त्यानं तिला उलट लिहिलं. डॉरोथीनंही भावाची बाजू घेत साराला चार शब्द सुनावले. आणि मग विल्यमनं ती हकीकत कवितेतून काढूनच टाकली. साराचंच ऐकलं म्हणायचं.

छापील कवितेत एक जागा मला दर वेळी हसवते. कवी म्हाताऱ्याला विचारतो, तुमचं कसं चालतं, तुम्ही काय करता? म्हातारा सांगू लागतो. कवी आपल्याच तंद्रीत जातो, म्हाताऱ्याचा आवाज त्याला झऱ्यासारखा नुसता ऐकू येतो, एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा होत नाही. भानावर आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारतो. म्हातारा बिचारा हसून पुन्हा पहिल्यापासून सांगतो. लुइस कॅरलनं १८७१ साली 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मध्ये याची जी टर उडवली आहे ती अगदी याच नसेवर बोट ठेवून. त्याच्या पांढऱ्या सरदाराच्या गाण्यातही एक म्हातारा पोटापाण्याचं सांगत राहतो आणि विचारणारा ऐकतच नाही.

आम्हाला एम.ए.ला रोमँटिक चळवळ शिकवली ती मुद्द्यांनी. निसर्ग, कल्पनाशक्ती, बंडखोरी, सामान्य माणूस, बालपण, आणि एकांत. मुद्दे पाठ करायचे, प्रत्येकाखाली एकेक कविता लटकवायची, पंधरा मार्क. त्यातला 'एकांत' हा मुद्दा सगळ्यांना आवडायचा, कारण तो आपल्यालाही लागू आहे असं त्या वयात वाटतंच. कड्याच्या टोकावर वाऱ्यात केस उडवत पाठमोरा उभा असलेला तरुण, हे चित्र पुस्तकांच्या मुखपृष्ठांनी इतकं पक्कं केलं होतं की हा कवी घरी जाऊन काय जेवत असेल, कोणाशी बोलत असेल, असा प्रश्न कोणी विचारला नाही. डॉरोथीच्या रोजनिशीशी गाठ पडली ती नंतर, परीक्षा वगैरे सगळं संपल्यावर.

ती रोजनिशी तिनं १४ मे १८०० ला सुरू केली, भाऊ काही दिवस बाहेरगावी गेला तेव्हा. का लिहायची हेही लिहून ठेवलं: मनाशी भांडण नको म्हणून, आणि विल्यम परत आल्यावर त्याला वाचून बरं वाटेल म्हणून. त्यात पाव भाजल्याचं आहे, कपडे शिवल्याचं आहे, डोकं दुखल्याचं आहे, दारावर आलेल्या भिकाऱ्यांचं आहे. घरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात त्या सहजपणे ती चंद्राखालच्या तळ्याचं पाणी आणि विल्यमचं कवितेशी झगडून थकणं शेजारी शेजारी मांडून ठेवते. तिनं ते छापण्यासाठी लिहिलं नव्हतं.

डॅफोडिल्सची गोष्ट तर आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १५ एप्रिल १८०२. अल्सवॉटर सरोवराच्या काठी दोघं चालत होते, वारा असा की श्वास घेता येईना. आधी चार-दोन फुलं दिसली, मग झाडांखाली काठाकाठानं लांबवर पट्टाच. शेवाळलेल्या दगडांवर काही फुलं दमून डोकं टेकल्यासारखी, बाकीची वाऱ्याबरोबर हसत नाचत, असं डॉरोथी लिहिते. रात्री खाणावळीत गरम पाण्यातली रम घेतली आणि मेरी असती तर बरं झालं असतं असं दोघांना वाटलं, हेही लिहिते. मेरी म्हणजे विल्यमची वाग्दत्त वधू, साराची बहीण. दोन वर्षांनी, १८०४ मध्ये, विल्यमनं कविता लिहिली. तिची पहिली ओळ आपल्याकडे इंग्रजी शाळेचं तोंडही न पाहिलेल्यांना माहीत असते: मी एकटाच भटकत होतो, ढगासारखा. आणि त्या कवितेतल्या सर्वांत चांगल्या दोन ओळी, मनाच्या डोळ्यांवर ती फुलं लखकन चमकतात आणि तेच एकांताचं सुख, या मेरीनं सुचवलेल्या आहेत. हे खुद्द विल्यमनंच सांगून ठेवलं आहे. एकांताचं सुख म्हणजे काय हे लग्नाच्या बायकोनं सांगावं, यातली गंमत संसारी वाचकाला वेगळी समजवायला नको.

इथून पुढे एक सोपा रस्ता जातो. डॉरोथीवर अन्याय झाला, भावानं बहिणीचं निरीक्षण ढापलं, असं म्हणत त्या रस्त्यानं जाता येतं. अनेक जण गेलेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. मला मात्र तिथे थांबवत नाही. रोजनिशीतला जळवावाला मला कवितेतल्यापेक्षा जास्त खरा वाटतो, पण कविता नसती तर त्या रोजनिशीकडे मी कधी वळलोच नसतो. आणि कवितेतला तो पळणारा ससा, त्याच्या पायांशी धावणारं उन्हातलं धुकं, हे रोजनिशीत त्या दिवशी नाही. विल्यमनं माणसं काढली ती जागा करण्यासाठी काढली. त्या जागेत त्यानं काय ठेवलं हेही बघायला हवं.

जागा करायची गरज का पडली असावी, याचं एक उत्तर फ्रान्समध्ये आहे. विशीतला वर्ड्सवर्थ १७९१-९२ मध्ये तिथे होता, क्रांतीनं भारावलेला. सगळी माणसं एकत्र येऊन जग बदलतील यावर त्याचा विश्वास बसला होता. मग पॅरिसमध्ये मुंडकी उडू लागली, १७९३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध पेटलं आणि तो इंग्लंडात अडकला. तिकडे आनेत व्हालाँ नावाची त्याची प्रेयसी होती आणि १७९२ च्या डिसेंबरात जन्मलेली मुलगी, कॅरोलिन. समूहावरचा भरवसा असा दोन्ही बाजूंनी तुटलेला माणूस एकाच मनापाशी येऊन थांबतो. जग बदलता आलं नाही, निदान पाहण्याची रीत बदलू. 'लिरिकल बॅलड्स' या संग्रहाच्या १८०० च्या प्रस्तावनेत त्यानं कवितेची जी व्याख्या केली तिचा पहिला अर्धा भाग, भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक, सगळ्यांच्या तोंडी असतो. त्याला लागूनच पुढे तो म्हणतो की ही भावना नंतर निवांतपणे आठवलेली असते. हा 'नंतर' महत्त्वाचा. नंतर माणूस एकटा असतो. फुलं बघताना नव्हता.

कॅरोलिनही त्याच्या एका सुनीतात आहे. शांतता झाल्यावर १८०२ च्या ऑगस्टमध्ये तो डॉरोथीला घेऊन फ्रान्समधल्या कॅले बंदरात गेला, महिनाभर राहिला, आणि नऊ वर्षांच्या मुलीबरोबर समुद्रकाठी संध्याकाळी फिरला. सुनीतात तिला प्रिय बाळ म्हटलं आहे. ती कोण ते नाही. बाहेरच्या वाचकांना हे विसाव्या शतकात कळलं.

माणूस वगळण्याची त्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत विचित्र खेळी 'टिंटर्न ॲबे'मध्ये आहे. जुलै १७९८. वाय नदीच्या काठी तो पाच वर्षांनी पुन्हा आला आहे. झाडाखाली बसून तो कडे, कुंपणं, झाडीतून वर चढणारा धूर बघतो, आपलं मन कसकसं बदललं याचा हिशोब मांडतो. शंभराहून जास्त ओळी आपण एका एकट्या माणसाबरोबर आहोत. आणि अचानक तो वळतो आणि म्हणतो, तू माझ्यासोबत इथे आहेस, या सुंदर नदीच्या काठावर, माझी सर्वांत प्रिय मैत्रीण, माझी बहीण. पहिल्यांदा वाचताना मी मागे जाऊन पाहिलं, काही सुटलं का म्हणून. काही सुटलं नव्हतं. ती इतका वेळ तिथे उभी होती आणि आपल्याला सांगितलं नव्हतं. पुढच्या ओळींत तो तिला आशीर्वादासारखं काही सांगतो: पुढे तुझं मन सगळ्या सुंदर आकारांचं घर होईल, दुःखात, एकटेपणात, भीतीत तुला हे आठवेल.

तिला उत्तर द्यायला जवळपास चौतीस वर्षं लागली. १८३२ येईतो डॉरोथी खाटेला खिळली होती. वसंतातली पहिली फुलं कोणीतरी खोलीत आणून ठेवली, आणि तिनं आजारपणाच्या अंथरुणावरून एक कविता लिहिली. तिच्यात ती भावाला, मोठ्या कवीला, नाव न घेता पण सरळ उद्देशून बोलते. मी या एकट्या खोलीतली कैदी नाही, म्हणते. वायचे हिरवे काठ मला दिसले, तू तेव्हा बोललास ते भाकीत आठवलं. चालायची ताकद लागली नाही, आठवणीनं मी तिथे होते. पुढे तिची स्मृतीही ढासळली आणि १८५५ पर्यंत, भावाच्या मागे आणखी पाच वर्षं, ती तशीच जगली. रोमँटिक कवितेचा जो मुख्य दावा, की मनात साठवलेला निसर्ग माणसाला तगवतो, तो त्या घरात सगळ्यांत कठीण अटींवर कोणी तपासून पाहिला असेल तर तिनं. तिची ती कविता अभ्यासक्रमात आम्हाला नव्हती.

खरोखर एकटा पडलेला कवी कसा असतो हे पाहायचं तर तेव्हाच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या हेल्पस्टन गावी जायला हवं. जॉन क्लेअर शेतमजुराचा मुलगा, स्वतः मजूर. १८०९ मध्ये त्याच्या गावासाठी कायदा झाला आणि गावची गायरानं, मोकळे माळ, पायवाटा मोजून, वाटून, कुंपणात गेल्या. वर्ड्सवर्थला माळ लागतो तो विचार करायला; क्लेअरसाठी तो गुरं चारायचा, सरपण वेचायचा, पक्ष्यांची घरटी शोधायचा माळ होता. तो गेला तेव्हा त्याच्या पायाखालचा शब्दकोशच गेला. १८२० मध्ये त्याचं पहिलं पुस्तक गाजलं, लंडननं शेतकरी कवी म्हणून चार दिवस मिरवलं, मग विसरलं.

पुढे त्याचं डोकं बिघडलं. १८४१ च्या जुलैत तो लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलातल्या वेड्यांच्या इस्पितळातून निघाला आणि चार दिवस, सुमारे ऐंशी मैल, घराकडे चालत गेला. जवळ दमडी नाही. रात्री उत्तरेकडे डोकं करून झोपायचा, सकाळी उठल्यावर कुठल्या दिशेनं जायचं ते कळावं म्हणून. भूक असह्य झाली तेव्हा रस्त्याकडेचं गवत खाल्लं. पावासारखं लागलं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. तो चालला होता मेरी जॉइसकडे, लहानपणच्या प्रेमाकडे. ती आपली पहिली बायको आहे अशी त्याची खात्री होती. ती तीन वर्षांपूर्वीच वारली होती. वाटेत एक गाडी समोर आली, एका बाईनं उडी मारून त्याचे हात धरले, गाडीत बस म्हणाली. ही प्यालेली आहे नाहीतर वेडी, असं त्याला वाटलं. ही तुझी दुसरी बायको पॅटी, असं सांगितल्यावर तो मुकाट गाडीत चढला. पॅटी त्याची एकुलती एक बायको, त्याच्या सात मुलांची आई.

त्या वर्षअखेर त्याला नॉर्थॅम्प्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच होता. 'मी आहे' ही त्याची कविता तिथली. मी आहे, पण काय आहे याची कोणाला फिकीर नाही, माहिती नाही. एकांताबद्दल इंग्रजीत याहून उघडं काही लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही. यात एकांताचं सुख नाही, प्रतिभा नाही, कडा नाही. आणि तरी ही कविता आपल्यापर्यंत आली ती विल्यम नाइट नावाच्या तिथल्या कारभाऱ्यामुळे, जो या रुग्णाचे कागद सांभाळून नीट उतरवून ठेवत होता.

'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीची लेखिका, कवी शेलीची बायको मेरी शेली हिला हे सगळं फार लवकर कळलं होतं. १८१६ च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात जिनीव्हाच्या सरोवराकाठी बायरन, शेली आणि मंडळी भुताच्या गोष्टी रचत बसली, ही कथा सगळीकडे येते, म्हणून ती सोडतो. मला त्या कादंबरीच्या सुरुवातीकडे बोट दाखवायचं आहे. 'फ्रँकेन्स्टाइन' सुरू होते एका दर्यावर्दी माणसाच्या पत्रांनी. तो उत्तर ध्रुवाकडे निघालाय, पराक्रम करायचाय, आणि बहिणीला लिहितो की मला एक मित्र नाही. (कादंबरीभर बहिणीचं एकही उत्तर नाही. बहिणींकडून या पिढीनं बरंच ऐकून घेतलं.) कादंबरीचा नायक, शास्त्रज्ञ व्हिक्टर, घरच्यांना पत्रं पाठवायचं सोडून एकट्या खोलीत आपली निर्मिती करतो. आणि ती निर्मिती, तो बिननावाचा राक्षस, एका कुटुंबाच्या भिंतीच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकून भाषा शिकतो. घरात पाऊल टाकायचं धाडस करतो तेव्हा त्याचं शांतपणे ऐकून घेतो तो एकटा आंधळा म्हातारा, ज्याला त्याचं रूप दिसत नाही. राक्षसाची मागणी एकच: माझ्यासाठी सोबत बनव. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, भोवतीच्या दोन प्रतिभावंतांचं बोलणं ऐकत, या मुलीनं एकट्या प्रतिभावंतावर आरोपपत्र लिहिलं. १ जानेवारी १८१८ ला ते नाव न घालता प्रसिद्ध झालं आणि अनेकांना ते तिच्या नवऱ्याचं वाटलं.

आपल्याकडे हे वारं पोचलं ते मुख्यतः केशवसुतांमधून. सुनीत आणलं त्यांनीच, आणि कवी म्हणजे कोणी वेगळाच, ही ऐटही. 'आम्ही कोण म्हणूनि काय पुससी? आम्ही असू लाडके देवाचे.' ही ऐट मला आवडते, आणि अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये १९२५ साली तिची केलेली वाताहतही तितकीच आवडते, जिथे तोच कवी दात वेंगाडून विचारणाऱ्याला, आमचा फोटो मासिकात पाहिला नाही का, म्हणून झापतो. अत्र्यांचा नेम होता रविकिरण मंडळावर. पण त्या मंडळातल्या माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे या मंडळींनी एक गोष्ट नेमकी त्या इंग्रजांसारखी केली: एकत्र बसले, एकमेकांच्या कविता ऐकल्या, मिळून पुस्तकं छापली. 'लिरिकल बॅलड्स'ही १७९८ मध्ये वर्ड्सवर्थ आणि त्याचा कवीमित्र कोलरिज या दोघांचं मिळून निघालं, वर कोणाचंच नाव नव्हतं. त्यातल्या कोलरिजच्या 'एन्शंट मरिनर' या दीर्घ कवितेची कल्पना कोलरिज आणि वर्ड्सवर्थ भावंडं पायी फिरायला गेली असताना निघाली, तीही सहलीचा खर्च भागवावा म्हणून. त्यातला अल्बट्रॉस पक्षी मारायची सूचना वर्ड्सवर्थची.

म्हणून या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो कोलरिज. तो बडबड्या होता. त्याच्या चांगल्या कविता बऱ्याचदा कोणाशी तरी बोलणं असतात: पाळण्यातल्या मुलाशी, बायकोशी, मित्राशी. समोरचं माणूस त्याला कवितेतून घालवता येत नाही.

१७९७ चा उन्हाळा. सॉमरसेटमधल्या नेदर स्टोवी गावी कोलरिजच्या घरी पाहुणे आले होते: विल्यम, डॉरोथी आणि लंडनहून चार्ल्स लॅम्ब. बायकोच्या हातून कढत दूध कोलरिजच्या पायावर सांडलं. पाय भाजला, चालणं बंद. पाहुणे संध्याकाळी टेकड्यांवर फिरायला गेले आणि यजमान शेजाऱ्याच्या बागेत लिंबाच्या मांडवाखाली बसून राहिला. लिंब म्हणजे आपलं नव्हे, तिकडचं लाइम-ट्री. तिथे बसून त्यानं लिहिलेली कविता सुरू होते लहान पोराच्या कुरकुरीनं: गेले सगळे, मी राहिलो. पण मग तो मनानं त्यांच्यामागे जातो. आता ते ओढ्याच्या घळीत उतरले असतील, आता वर चढून समुद्र दिसला असेल. आणि तू, चार्ल्स, तू सर्वांत खूश असशील, कारण तू कित्येक वर्षं शहरात कोंडलेला आहेस. लॅम्बच्या घरी दहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं हे कोलरिजला ठाऊक होतं. बहीण मेरी हिनं वेडाच्या भरात आईला सुरीनं भोसकून मारलं होतं, आणि बावीसाव्या वर्षात असलेल्या चार्ल्सनं बहिणीची जबाबदारी जन्मभरासाठी अंगावर घेतली होती. कवितेत त्याचा एका ओळीत निसटता उल्लेख आहे, बस. बाकी ऊन, पानं, घरी परतणारा कावळा. मित्राला ते दिसावं एवढीच इच्छा. सगळ्या रोमँटिक कवितेत एकट्या बसलेल्या माणसानं असं दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं मला फारसं आठवत नाही.

लॅम्बला स्वतःला मात्र डोंगरांचं काही पडलेलं नव्हतं. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत कारकून होता, १७९२ पासून तेहतीस वर्षं. इकडे १८१८ मध्ये त्याच्या मालकांनी पेशवाई गिळली तेव्हाही तो तिथे खर्डेघाशी करत होता. वर्ड्सवर्थनं ग्रासमिअरला बोलावलं तेव्हा त्यानं १८०१ च्या जानेवारीत कळवलं की तुमची सोबत वगळली तर जन्मात डोंगर दिसला नाही तरी मला चालेल. मला स्ट्रँडवरची दिवे लागलेली दुकानं, गर्दी, गाड्या, जुन्या पुस्तकांचे ठेले, खानावळींतून येणारी सूपची वाफ पुरे; एवढं जगणं बघून मला रस्त्यात रडू येतं. रोमँटिक काळातलं हे पत्र मी कुठल्याही ओडइतकं मानतो.

आणि कोलरिजच्या त्या कवितेबद्दल त्याची एकच तक्रार होती. कवितेत त्याला तीन-तीनदा 'कोमल हृदयाचा चार्ल्स' म्हटलं होतं आणि ते छापून आलं होतं. देवाशपथ, मला पुन्हा छापील हसं करू नकोस, असं त्यानं १८०० च्या ऑगस्टमध्ये लिहिलं. पुढच्या आवृत्तीत कोमल हृदयाचा हे खोडून टाक, त्याजागी दारूडा, केस पिंजारलेला, क्वचित दाढी करणारा, डोळ्यांचा विचित्र, तोतरा, असं काहीही घाल, जे त्या गृहस्थाला खरोखर लागू पडेल.

कोलरिजनं ती कविता नंतरही छापली. कोमल हृदयाचा तसाच ठेवला.